पलीकडचा तयार होईपर्यंत

बुधवार, ४ फेब्रुवारी

थोरल्यांचं पत्र आलं. वाचलं, उठून स्वयंपाकघरात एक चक्कर मारली, परत येऊन पुन्हा वाचलं. ओळी दोनच. "हा पॅच तू तपास. शेवटचा शब्द तुझा."

थोरले म्हणजे आमच्या कर्नेलचे मुख्य राखणदार. कर्नेल हा यंत्राच्या तळाशी बसून सगळ्यांना कामं वाटून देणारा प्रोग्रॅम. तो जगभरातली माणसं एकेक बदल, म्हणजे पॅच, पाठवून मिळून लिहितात, आणि त्याच्या एकेका कोपऱ्याला एकेक राखणदार असतो. माझा कोपरा सीरियल तारेचा. यंत्राला जे बोलायचं असतं ते या तारेतून बाहेर येतं. ती फाइल मी लिहिली, मीच सांभाळते, आणि अकरा वर्षांत तिच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. हे मी कुणी न विचारताही सांगते. पण माझ्या कोपऱ्याबाहेरचा बदल, आणि त्यावर माझा शेवटचा शब्द, असं आजवर कधी झालं नव्हतं. अंगावर मूठभर मांस चढलं.

सासूबाईंना सांगितलं. त्या तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होत्या, अजूनही औषधाच्या डबीवरच्या चुका पेनाने दुरुस्त करतात. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे प्रुफं तपासायचीत. मग चष्म्याचा नंबर बघून घे आधी."

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

पॅच दोनदा वाचला. कल्पना झकास आहे. लिहिणारीला माझ्याआधी सुचली याचा थोडा रागही आला.

भिंगरीने विचारलं, "आई, तू दोन दिवस हसत का फिरतेयस?" भिंगरी माझी लेक. खरं नाव शाळेपुरतं, घरात एका जागी उभी राहत नाही म्हणून भिंगरी. तिला म्हटलं, समज तुम्ही चौघी स्टॅच्यू खेळताय, आणि सगळ्याच गोठलात. बाहेरून हाका मारल्या तरी कुणी ओ देत नाही. यंत्रांचं असंच होतं. दिवे लागलेले, पंखा फिरतोय, पण काही विचारावं तर उत्तर नाही. मग आपण बटण दाबून ते नव्याने सुरू करतो आणि ते का गोठलं हे कधीच कळत नाही. हा पॅच काय करतो, तर आत दहा सेकंद कुणी हललं नाही की एक अशी हाक देतो, जी गोठलेल्यालाही ऐकावीच लागते. हाक ऐकली की प्रत्येकाने आपण कुठे उभे होतो ते एका पाटीवर लिहायचं. यंत्र पुन्हा सुरू केलं तरी ती पाटी पुसली जात नाही.

"मग खोटं लिहिलं तर?" भिंगरी म्हणाली. तिला तिच्या मैत्रिणी ठाऊक आहेत.

लिहिणारी बाई एका बियाणे-भांडारात शीतगृहाची मेकॅनिक आहे. वय सत्तावन्न. प्रोग्रॅमिंग शिकली पन्नाशीनंतर, गरज पडली म्हणून. तिच्या ईमेलवर फोटोऐवजी बियांच्या बरणीचं चित्र आहे, म्हणून मी तिचं नाव बरणीबाई ठेवलंय. डोंगरावरच्या एका इमारतीत अकरा हजार बरण्या उणे अठरा अंशांवर ठेवलेल्या. त्यांतली काही वाणं आता कुठल्याच शेतात उरलेली नाहीत. थंडी राखणारं यंत्र मात्र मधूनच गोठतं. मग बाईंच्या फोनवर येणारे तापमानाचे आकडे थांबतात, आणि त्या स्कूटर काढून वर जातात आणि बटण दाबतात. थंडीच्या दिवसांत तासभर उशीर झालेला चालतो. एप्रिलपासून चालणार नाही. भांडाराच्या समितीने सांगून टाकलंय की मार्चअखेर कारण सापडलं नाही, तर बरण्या दुसऱ्या भांडारात हलवायच्या. तिथे जागा आहे एक तृतीयांशांना. बाकीच्यांचं काय, हे ठरलेलं नाही.

कर्नेलच्या पुढच्या आवृत्तीत नवे बदल घ्यायची शेवटची तारीख २४ मार्च. बाईंना पॅच त्यातच हवाय, कारण समिती फक्त अधिकृत आवृत्तीवर विश्वास ठेवते. जमेल. मी आहे ना.

सोमवार, ९ फेब्रुवारी

पहिला अभिप्राय पाठवला. चौदा मुद्दे. तेरा किरकोळ. चौदावा खरा: ही पाटी हवीच कशाला? यंत्राने बोलायची वाट आपल्याकडे आहेच की, माझी सीरियल तार. अकरा वर्षं चाललेली, घासूनपुसून घेतलेली. तेच काम करायला दुसरी वाट काढली की दोन्ही सांभाळत बसा. "पाटी काढा. सगळं तारेतूनच छापा."

लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश झाले. इतकं नेमकं मला एरवी सुचत नाही.

उत्तर लगेच आलं. "मॅडम, तुमचं म्हणणं पटतं. पण गोठलेल्या यंत्रात तारही गोठलेली असली तर? शनिवारी, ७ तारखेला, पुन्हा तसंच झालं. तारेतून एक अक्षर आलं नाही. मी वर गेले, प्रिंटरमध्ये नवं रीळ घातलं, बटण दाबलं, खाली आले. याआधी १९ जानेवारीला झालं होतं."

तिथे तारेच्या टोकाला एक जुना प्रिंटर आहे. तपासनीस मंडळी कागदावरच्याच नोंदी मानतात, म्हणून यंत्र जे बोलेल ते सगळं कागदी रिळावर उमटतं. मी लिहिलं, तार गोठत नसते. ती फाइल मी लिहिलीय.

रविवार, १५ फेब्रुवारी

आजचा दिवस म्हणजे नुसती मजा. टेबलावरच्या चाचणीच्या पेटीवर बाईंचा पॅच चढवला, माझ्या पद्धतीने, तारेतून छापणारा. मग पेटी मुद्दाम गोठवत गेले. चार प्रकारांनी, चाळीस वेळा. एरवी यंत्र गोठलं की माझं डोकं फिरतं. आज गोठलं की टाळ्या. दर वेळी दहा सेकंद शांतता, आणि मग तारेतून माझ्या लॅपटॉपवर भराभर ओळी: हा कोअर (यंत्राच्या आतल्या अनेक मेंदूंपैकी एक) इथे उभा होता, तो तिथे, दोष या ओळीत. चाळीसपैकी चाळीस.

भिंगरीला एकदा गोठवू दिलं. तिने दहापासून उलटे आकडे मोजले. ओळी आल्या तेव्हा दोघीही नाचलो. नवऱ्याला फोन लावला. तो जहाजावर इंजिनीअर आहे, मेपर्यंत येणार नाही. म्हणाला, "मुद्दाम बिघडवून खूश होणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही."

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

बाईंनी दुसरी आवृत्ती पाठवलीय. पाटी काढली. कुरकुर नाही, मान राखून लिहिलेलं. मात्र काल, २६ ला, भांडारातलं यंत्र पुन्हा गोठलं, आणि तपासणी चालू असल्याने पॅचची कुठलीच आवृत्ती तोवर तिथे चढवलेली नव्हती. संधी हुकली.

पत्राच्या शेवटी त्यांनी एक गंमत लिहिली होती. "मॅडम, काल यंत्र आपोआप शुद्धीवर आलं. मी बटणापर्यंत पोचलेच नव्हते, फक्त प्रिंटरचं झाकण उघडून रीळ बदललं, आणि हे लागलं बोलायला, अर्ध्यावर राहिलेल्या शब्दापासून. डिसेंबरातही एकदा असंच झालं होतं. माझा पायरव ओळखतं की काय कोण जाणे."

बाई भाबड्या आहेत, पण गोड आहेत. मी लिहिलं, यंत्राला पायरव कळत नाही. ते कधीकधी आपसूक सुटतं, त्याला आपण योगायोग म्हणतो. आणि तिसऱ्या आवृत्तीसाठी नऊ मुद्दे दिले.

रविवार, १ मार्च

सासूबाईंनी विचारलं, ती बरण्यांवाली बाई अजून लिहितेय का. म्हटलं, लिहितेय, फार गुणी आहे, पण स्वतःच्या कल्पनेच्या प्रेमात पडलीय, पाटी सुटत नाही तिच्याकडून. त्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या छापखान्यात एक कडक नियम होता. स्वतः लिहिलेल्या मजकुराचं प्रूफ स्वतः वाचायचं नाही. मालकांच्या लग्नाच्या पत्रिकेलाही सूट नव्हती. लिहिणाऱ्याला कागदावरचं दिसत नाही गं, मनात होतं तेच दिसतं."

अगदी खरं. बाईंना हे कळवावं असं वाटलं, पण टोचेल म्हणून राहू दिलं.

रविवार, ८ मार्च

तिसरी आवृत्ती. सुंदर. एकही ओळ जास्तीची नाही. मी लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं. यादीवर, म्हणजे कर्नेल लिहिणाऱ्यांच्या ईमेल-गटावर, जाहीर सांगितलं की भांडारात एकदा प्रत्यक्ष चाचणी झाली की मी खाली माझं नाव घालीन. आमच्यात ही रीत आहे. बदलाच्या तळाशी "तपासलं" असं लिहून आपलं नाव घालायचं. ते कायम राहतं, कधीच पुसता येत नाही. इतक्या मोठ्या बदलाखाली हे माझं पहिलं.

बाईंनी हिशोब मांडला होता की १९ जानेवारी, ७ फेब्रुवारी, २६ फेब्रुवारी, म्हणजे दर एकोणीस दिवसांनी. पुढची पाळी १७ मार्चची. एवढं नेमकं कशामुळे, हे मात्र त्यांनाही उमगत नाही. मला तर उष्णतेचा काही खेळ वाटतो. बघू. सतरा तारखेची मी परीक्षेच्या निकालासारखी वाट बघतेय.

मंगळवार, १७ मार्च

गोठलं. बाईंनी सांगितल्याच दिवशी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी.

आणि तारेतून एक अक्षरही आलं नाही.

माझ्या चाळीस चाचण्यांच्या नोंदी पुन्हा उघडून बघितल्या. मग बाईंना लिहिलं की पॅच बरोबर आहे, माझ्याकडे चाळीसपैकी चाळीस वेळा चालला, तेव्हा दोष तुमच्या यंत्राच्या मेमरीत असणार, ती बदलून बघा. पाठवताना बरं वाटत नव्हतं. सात दिवस उरलेत. त्या बरण्या सारख्या डोळ्यांपुढे येतात, न पाहिलेल्या.

बुधवार, १८ मार्च

हे आधी लिहून ठेवते, मग जेवते.

सकाळी बाईंचं पत्र. "मॅडम, रागावू नका. तुमच्या सांगण्याप्रमाणे केलेली तिसरी आवृत्ती चढवली, पण तिच्याआधी माझ्या पहिल्या आवृत्तीतली पाटीही राहू दिली होती. पाटी आधी, तार नंतर. परवानगी घ्यायला हवी होती. या खेपेला रीळ न बदलता आधी बटण दाबलं, पाटी वाचायची घाई होती म्हणून. पाटीवर आलं ते सोबत जोडलंय. मला त्यातलं सगळं कळत नाही. तुम्हाला कळेल."

कळलं. तीन कोअर एकाच कुलपासाठी, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणाऱ्या परवान्यासाठी, रांगेत उभे. कुलूप चौथ्याकडे. आणि चौथा उभा होता माझ्या फाइलीत, ओळ चारशे बारावर.

नावच वाचत बसले. फाइलीचं नाव पुन्हा वाचलं. मग उघडली. चारशे बारावर एक छोटं चक्र आहे. तारेच्या दुसऱ्या टोकाकडून "पाठव" असा इशारा येईपर्यंत थांबायचं, कुलूप हातात धरून. किती वेळ, याला मर्यादा नाही. आधी होती. मी काढली होती, ओळी अर्धवट छापल्या जाऊ नयेत म्हणून. वर माझीच टीप: "पलीकडचा तयार होईपर्यंत थांबा. होतोच."

तारीख बघितली आणि हसू फुटलं. भिंगरीच्या जन्माआधीचा आठवडा. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून नऊ दिवस झाले तरी ती यायचं नाव घेत नव्हती, आणि मी पोटावर लॅपटॉप ठेवून सगळ्या जगाला सांगत होते, होतोच.

तेवढ्यात रीळ आठवलं.

खुर्चीतून उठले ती सासूबाईंना धडकले. त्यांच्या हातातला कप हिंदकळला. "अहो, कागद संपतो!" मी म्हटलं. "कागद संपला की प्रिंटर म्हणतो थांब, आणि माझा प्रोग्रॅम थांबतो, जन्मभर. एक रीळ एकोणीस दिवस पुरतं. तिने रीळ बदललं की ते सुटतं. पायरव नव्हे, रीळ. तिने मला तीनदा सांगितलं. तीनदा!"

"मग आता रडतेयस की हसतेयस?" त्यांनी विचारलं.

दोन्ही चाललं होतं.

गुरुवार, १९ मार्च

चाळीस चाचण्या कशा पास झाल्या, तर माझ्या तारेच्या टोकाला माझा लॅपटॉप होता, कायम तयार. त्याला कागद लागत नाही.

आज भिंगरी शाळेतून आल्यावर तिला टेबलाशी उभं केलं. पेटीच्या तारेतली इशाऱ्याची पिन वेगळी काढून तिच्या हातात दिली. पेटी बडबडत होती, पडद्यावर ओळी धावत होत्या. म्हटलं, काढ. तिने पिन ओढली. एक शब्द अर्ध्यावर थांबला आणि सगळं गप्प. किबोर्ड नाही, काही नाही. आम्ही मनात तीनशेपर्यंत मोजलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हटलं, लाव. तिने पिन लावली, आणि उरलेला अर्धा शब्द बाहेर आला.

अकरा वर्षांतला माझा सगळ्यात आनंदाचा दिवस कुठला असं कुणी विचारलं, तर लाज वाटेल, पण आजचा सांगेन. स्वतःची चूक इतकी स्वच्छ, इतकी हातात धरता येण्यासारखी सापडली. सगळं दिसलं.

भिंगरी म्हणाली, "म्हणजे ती काकू पहिल्यापासून बरोबर होती." हो. पहिल्या आवृत्तीपासून.

शुक्रवार, २० मार्च

दोन पत्रं लिहिली. यादीवर, हजारो लोक वाचतात तिथे. पहिलं: नऊ फेब्रुवारीचा माझा चौदावा मुद्दा चुकीचा होता. गोठलेल्या यंत्राने ज्या वाटेवर ते गोठलं त्याच वाटेने ओरडावं, असा मी हट्ट धरला. पाटी परत आणा. पहिली आवृत्तीच घ्या, बाकी तेरा मुद्द्यांसह. माझं नाव खाली.

दुसरं माझ्या फाइलीच्या दुरुस्तीचं. एक सेकंद थांबायचं, मग कुलूप सोडून पुढे जायचं. दुरुस्तीखाली आमच्यात आणखी एक ओळ लिहावी लागते: हा दोष कुठल्या जुन्या बदलाने आला, तो कुणाचा, कुठल्या तारखेचा. ती ओळ लिहिली. माझं नाव, ती तारीख. दोनदा लिहून दोनदा खोडली, खोटं का सांगू. अकरा वर्षांची बढाई होती.

त्याखाली "तपासलं" कुणी म्हणायचं? स्वतःचं स्वतः चालत नाही. सासूबाईंनी मान वर न करता विचारलं, "ज्या बाईने चूक पकडली तिला का नाही विचारत?"

विचारलं. त्यांनी लिहिलं, "मी? मी तर मेकॅनिक, मॅडम." म्हटलं, म्हणूनच.

रविवार, २२ मार्च

बाईंचा अभिप्राय आला. पाच पानं. आयुष्यातला पहिला, आणि माझ्या चौदा मुद्द्यांपेक्षा जास्त काळजीने लिहिलेला. त्यांनी भांडारात दुरुस्ती चढवून, प्रिंटरमधलं रीळ स्वतः सहा वेळा काढून पाहिलंय. यंत्र सहाही वेळा चालत राहिलं. आणि शेवटी एक मुद्दा, एकच:

"ताई, प्रोग्रॅम दुरुस्त झाला, पण वरची टीप तशीच राहिलीय. अजूनही लिहिलंय, 'होतोच'."

मी दुरुस्ती चार वेळा वाचली होती. चार वेळा त्या ओळीवरून डोळा फिरला होता. सासूबाईंना दाखवलं तर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांना एक मार्चपासून ठाऊक होतं मी कुणाचं प्रूफ वाचतेय ते, असं आता वाटतं. विचारलं तर म्हणाल्या, "मला काय कळतंय तुमच्या यंत्रांतलं."

टीप बदलली: "पलीकडचा तयार होईपर्यंत थोडं थांबा. नाही झाला तर पुढे चला." दुसरं वाक्य भिंगरीने सुचवलं.

मंगळवार, २४ मार्च

दोन्ही बदल घेतले. बाईंचा पॅच, खाली माझं नाव. माझी दुरुस्ती, खाली त्यांचं. थोरल्यांचा निरोप: "बरं तपासलंस." मग दहा मिनिटांनी आणखी एक: "दोघींनीही."

समितीने तरीही अट घातलीच. पाच एप्रिल, म्हणजे पुढची पाळी, एकदा निर्धोक जाऊ दे, तोवर बरण्या बांधायच्या पेट्या तयार ठेवायच्या. पेट्या जिन्याखाली रचून ठेवल्यात म्हणे. बाई त्यांच्याकडे बघत नाहीत.

रविवार, ५ एप्रिल

सकाळपासून काही सुचत नव्हतं. आमच्याकडेही ऊन तापलंय. भिंगरीने दर तासाला विचारलं, "संपलं का रीळ?" सासूबाईंनी विचारलं नाही, पण पुस्तक घेऊन माझ्याच खोलीत बसल्या आणि दोन तासांत पान उलटलं नाही.

चार वाजता पत्र आलं. तसंच इथे उतरवते.

"अगं ताई, दोन वाजता रीळ संपलं. प्रिंटर लाल दिवा लावून बसला असेल. यंत्राला पत्ताही नाही. फोनवर आकडे येताहेत: आत उणे अठरा, बाहेर अडतीस. पेट्या परत न्यायला माणूस आलाय, त्याला चहा देतेय. रीळ उद्या बदलेन. आज मी वर जाणार नाही."